दोन हॉकीपटूंची तुलना आकड्यांवरून कशी करावी

ग्वाल्हेरात हॉकीचा विषय निघाला की रूपसिंगांचा आकडा येतोच. १९३२ चं लॉस एंजेलिस ऑलिंपिक, अमेरिकेविरुद्ध २४-१, त्यातले १० गोल रूपसिंगांचे आणि ८ ध्यानचंदांचे. आकडे खरे आहेत. पण त्यावरून धाकटा भाऊ (रूपसिंग) थोरल्यापेक्षा (ध्यानचंद) सरस होता असं कुणी ठरवायला बसलं, तर त्याला एवढंच सांगावं की त्या स्पर्धेत हॉकीचे संघ तीनच होते आणि भारताच्या वाट्याला दोनच सामने आले. दोन सामन्यांवरून दोन खेळाडूंची तुलना होत नाही, मग ते खेळाडू कितीही मोठे असोत.

हीच घाई ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या राज्य महिला हॉकी अकादमीच्या निवडीवर चर्चा सुरू झाली की दिसते, आणि रेल्वे स्टेडियमवरच्या सामन्यांनंतरही दिसते. ‘आमच्या मुलीचे सात गोल, तिचे चारच, तरी तिची निवड कशी?’ असं विचारणाऱ्या पालकांसाठी आणि त्यांना उत्तर द्यावं लागणाऱ्या क्लबच्या मंडळींसाठी ही पद्धत लिहिली आहे. गणित दहावीच्या पलीकडचं नाही. वही, घड्याळ आणि उंचावर लावलेला एक मोबाईल एवढ्यावर काम भागतं.

प्रश्न नेमका करा

‘दोघींत चांगली कोण?’ हा प्रश्न वहीत लिहूच नका, कारण त्याला उत्तर नाही. ‘पुढच्या स्पर्धेत उजव्या बाजूने डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) चेंडू नेण्यासाठी ७ नंबर घ्यावी की ११?’ असं लिहा. एकाच जागेवर, एकाच कामासाठी, एकाच दर्जाच्या स्पर्धेत खेळणाऱ्या दोघींचीच तुलना करा. फुलबॅक आणि फॉरवर्ड यांची आपसात तुलना करू नका. वेगवेगळ्या काळातल्या खेळाडूंचीही नको: १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून खेळ गवतावरून कृत्रिम टर्फवर गेला, १९९० च्या दशकात ऑफसाइडचा नियम गेला आणि खेळाडू हवे तेव्हा आत-बाहेर करण्याची मुभा आली. आधीचे आणि नंतरचे गोल एका रकान्यात बसत नाहीत.

नोंदी कशा घ्याव्यात

दोन माणसं हवीत. एक खेळाच्या नोंदी करतो, दुसरा फक्त बदली खेळाडूंची वेळ लिहितो. बदली खेळाडू मध्यरेषेपासून तीन मीटरच्या आतच आत-बाहेर होतात, त्यामुळे मोबाईल मध्यरेषेच्या समोर लावला की एकही बदल सुटत नाही. वेळ खेळाच्या घड्याळाची लिहा, मनगटावरची नव्हे. पेनल्टी कॉर्नरच्या (बचावाच्या चुकीबद्दल गोलरेषेवरून चेंडू खेळवून मिळणाऱ्या संधीच्या) तयारीसाठी घड्याळ थांबवलं जात असेल तर तो वेळ मिनिटांत धरू नका.

व्याख्या सामन्याआधी लिहून ठेवा. ‘डीमध्ये शिरकाव’ म्हणजे काय? चेंडू ताब्यात ठेवून खेळाडू डीत शिरली, किंवा तिने दिलेला पास डीच्या आत आपल्याच खेळाडूच्या काठीला लागला, तर एक शिरकाव. बाहेरून आंधळेपणाने मारलेला आणि बचावपटूने सहज उचललेला हिट शिरकाव नाही. हा एक नियम पाळला नाही तर जोरात मारणारी मुलगी प्रत्येक तक्त्यात वर येते. व्याख्या झाल्यावर एक क्वार्टर दोघांनी वेगवेगळं बसून व्हिडिओवरून मोजा. शिरकावांत एकाहून जास्त फरक आला तर दोष मोजणाऱ्याचा नसतो, व्याख्या ढिली असते. टॅकलच्या नोंदीत फरक नेहमीच जास्त येतो. तिथे ‘चेंडू जिंकला’, ‘वेग रोखला’, ‘चकली’ आणि ‘फाउल केला’ असे चार वेगळे रकाने करा.

टर्फ ओलं होतं की कोरडं, हेही एका शब्दात लिहा. कोरड्या टर्फवर चेंडू उसळतो, पेनल्टी कॉर्नरला ट्रॅप (काठीने थांबवलेला चेंडू) निसटतो, आणि मग तो दोष भलत्याच्या नावावर जातो. मे-जूनमध्ये आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. दुपारच्या आणि पहाटेच्या सामन्यांचे चौथ्या क्वार्टरचे आकडे एकत्र करू नका.

गोलांची प्रतवारी

मैदानी गोल, पेनल्टी कॉर्नरचे गोल आणि पेनल्टी स्ट्रोकचे गोल वेगळे लिहा. पॅरिस २०२४ ऑलिंपिकमध्ये हरमनप्रीत सिंगचे १० गोल झाले: ७ पेनल्टी कॉर्नरवर, ३ स्ट्रोकवर, मैदानी एकही नाही. तो बचावपटू आणि ड्रॅग फ्लिकर (कॉर्नरवर चेंडू काठीने ओढून गोलकडे फेकणारा) आहे, म्हणून हे त्याच्या कामाला साजेसंच आहे. पण ‘गोल’ या एकाच रकान्यात त्याला आणि सहा मैदानी गोल करणाऱ्या सेंटर फॉरवर्डला शेजारी ठेवलं, तर त्या रकान्यातून काहीच कळत नाही.

एक रकाना बहुतेक जण विसरतात: पेनल्टी कॉर्नर कुणी मिळवला? डीच्या कडेला बचावपटूचा पाय शोधून त्यावर चेंडू घालणं हे मोठं कसब आहे. गोल फ्लिकरच्या नावावर लागतो आणि कॉर्नर मिळवणारी फॉरवर्ड कोऱ्या कागदासह घरी जाते. हा रकाना नसेल तर फॉरवर्डची तुलना अर्धीच झाली असं समजा.

भाजक: इथे सगळं बिघडतं

रेषेच्या वर काय लिहायचं हे सगळ्यांना समजतं: गोल, शिरकाव, टॅकल, अडवलेले फटके. रेषेखाली काय लिहायचं यावर कुणी थांबून विचार करत नाही, आणि जवळजवळ प्रत्येक चुकीची तुलना तिथूनच सुरू होते. ‘प्रति सामना’ ही सरासरी हॉकीत मी निरुपयोगी मानतो. फॉरवर्ड काही मिनिटं जीव तोडून धावते, बाहेर येते, पाणी पिते, परत जाते. फुलबॅक जवळजवळ पूर्ण सामना आत असते. दोघींच्या नावापुढे ‘एक सामना’ असं लिहिणं चूक आहे.

म्हणून पहिला भाजक मिनिटांचा. समजा तीन सामन्यांत ७ नंबरचे १४ शिरकाव आहेत आणि ११ नंबरचे ११. सामन्यांनी भागलं तर ७ नंबर पुढे. आता मिनिटं पाहा: ७ नंबर १२८ मिनिटं खेळली, ११ नंबर ७४. दर १५ मिनिटांचा हिशेब केला (१५ अशासाठी की क्वार्टर १५ मिनिटांचं असतं आणि आकडा डोळ्यासमोर उभा राहतो) तर ७ नंबरचा दर १.६४ येतो आणि ११ नंबरचा २.२३. क्रम उलटला.

इथेच लोक खूश होऊन थांबतात, आणि ही दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट आहे. ११ नंबर ७४ मिनिटं का खेळली? प्रशिक्षक तिला दमलेल्या बचावावर ताजी सोडत असेल, किंवा संघ पुढे असताना शेवटच्या क्वार्टरला पाठवत असेल. तिचा २.२३ हा दर थोड्या-थोड्या वेळाच्या ताज्या धावेचा आहे. तिला १२८ मिनिटं दिली तर तो तसाच राहील याची कुठलीही हमी या भागाकारात नाही. माझा नियम कडक आहे: १२० मिनिटांच्या आतल्या खेळाडूचा दर तक्त्यात लिहायचा, पण त्यावरून निवड करायची नाही. शक्य असेल तर पहिली तीन क्वार्टरं आणि चौथं क्वार्टर वेगळं मांडा; ताज्या पायांचा फायदा तिथे उघडा पडतो.

दुसरा भाजक प्रयत्नांचा, आणि तो ड्रॅग फ्लिकरसाठी. ‘संघाला ३० कॉर्नर मिळाले, तिचे गोल ५’ हा हिशेब चुकीचा आहे. त्या ३० पैकी किती तिच्या काठीपर्यंत पोहोचले? पेनल्टी कॉर्नर म्हणजे तीन जणींचं काम: पुश देणारी (गोलरेषेवरून चेंडू ढकलणारी), ट्रॅप करणारी, फ्लिक मारणारी. पुश उसळला किंवा ट्रॅप निसटला तर तो फ्लिकरचा प्रयत्न नव्हे. ती फक्त बहाणा करून चेंडू दुसऱ्या बाजूला गेला असेल तर तोही नव्हे. शिवाय कॉर्नर दिल्यापासून तो संपेपर्यंत बदली खेळाडू आणता येत नाही (जखमी गोलरक्षकाचा अपवाद सोडून), म्हणून कॉर्नर मिळाला तेव्हा फ्लिकर बाकावर असेल तर तो कॉर्नर तिच्या खात्यात मुळीच येत नाही. रकाने असे करा: पुश नीट, ट्रॅप नीट, फटका कुणी मारला, निकाल काय. निकालात गोल, गोलरक्षकाने अडवला, रशरला (गोलरेषेवरून फ्लिकरवर धावून येणाऱ्या बचावपटूला) लागला, बाहेर गेला, आणि पुन्हा कॉर्नर मिळाला, असे पाच प्रकार.

या पाचव्या प्रकाराकडे लक्ष द्या. फ्लिक रशरच्या पायाला लागली की पुन्हा कॉर्नर, तो परत पायाला लागला की आणखी एक. मिनिटभरात तीन कॉर्नर होतात. फ्लिकरचे तीन प्रयत्न लिहिले तर तिची टक्केवारी घसरते, पण खरं पाहता तिने एकच हल्ला जिवंत ठेवला आहे. म्हणून दोन टक्केवाऱ्या काढा: एक प्रत्येक प्रयत्नामागे, दुसरी प्रत्येक साखळीमागे, म्हणजे लागोपाठचे कॉर्नर एकच धरून. दोन्हींत जी पुढे असेल तीच पुढे.

तिसरा भाजक संधींचा, आणि तो बचावपटूंसाठी सर्वांत महत्त्वाचा. कमजोर संघाची फुलबॅक दिवसभर टॅकल करत असते, कारण चेंडू सतत तिच्याच अंगावर येतो. बलाढ्य संघाच्या फुलबॅकला काम कमी. समजा ४ नंबरचे पाच सामन्यांत १८ टॅकल, ५ नंबरचे ११. ४ नंबर मैदानावर असताना प्रतिस्पर्धी १४० वेळा तिच्या संघाच्या २३ मीटर रेषेच्या आत आले. ५ नंबर असताना ६२ वेळा. अशा दर दहा वेळांमागे ४ नंबरचे टॅकल १.३, ५ नंबरचे १.८. टॅकलच्या एकूण संख्येवरून बचावपटू निवडणं म्हणजे ज्या संघाला जास्त मार बसला त्यालाच बक्षीस देणं.

पण इथेही एक पायरी पुढे जा. चांगल्या बचावपटूला टॅकल करावाच लागत नाही. ती आधीच अशा जागी उभी असते की पास त्या बाजूने दिलाच जात नाही. म्हणून ‘समोरासमोर आलेले प्रसंग’ मोजा: चेंडू घेऊन प्रतिस्पर्धी थेट तिच्यावर आली असे प्रसंग किती, आणि त्यांपैकी किती वेळा ती चकली. चकण्याचं प्रमाण हा बचावपटूचा सर्वांत प्रामाणिक आकडा आहे. तो काढायला व्हिडिओ दोनदा बघावा लागतो, म्हणून कुणी काढत नाही. तुम्ही काढा.

थोड्या प्रयत्नांची टक्केवारी कशी वाचावी

भाजक बरोबर लिहिला तरी तो लहान असतो, आणि लहान भाजकावर उभी असलेली टक्केवारी फार हलते. उदाहरण घ्या. ६ नंबरच्या फ्लिकरने १२ प्रयत्नांत ४ गोल केले: ३३ टक्के. १४ नंबरने ४६ प्रयत्नांत १३: २८ टक्के. ६ नंबर सरस?

आधी हलण्याची व्याप्ती काढा. यशाचं प्रमाण गुणिले अपयशाचं प्रमाण, भागिले प्रयत्न, आणि त्याचं वर्गमूळ. ६ नंबरसाठी ते सुमारे १४ टक्के येतं, १४ नंबरसाठी ७ पेक्षा थोडं कमी. म्हणजे ६ नंबरची खरी पातळी १९ आणि ४७ यांच्यामध्ये कुठेही असू शकते, आणि त्याच्या बाहेरही असण्याची शक्यता आहेच. अशा आकड्यापुढे पाच टक्क्यांच्या फरकाला अर्थ नाही.

मग सरासरीचं वजन टाका. समजा त्या स्पर्धेत सगळ्या फ्लिकर मिळून २० टक्के यश आहे. प्रत्येकीच्या खात्यात ३० सरासरी प्रयत्न मिळवा, म्हणजे ३० प्रयत्न आणि ६ गोल. ६ नंबर: ४२ पैकी १०, म्हणजे २३.८ टक्के. १४ नंबर: ७६ पैकी १९, म्हणजे २५ टक्के. आता १४ नंबर पुढे गेली, कारण तिच्या आकड्यामागे जास्त पुरावा आहे.

३० च का? हाच खरा आडवा प्रश्न आहे, आणि ज्या लेखांत तो टाळलेला असतो ते लेख बाजूला ठेवा. तो आकडा आभाळातून पडत नाही, आपणच ठरवलेला असतो. म्हणून एकाच वजनावर विसंबू नका, दोन-तीन घेऊन बघा. ३० ऐवजी १० घेतले तर ६ नंबर २७.३ वर येते आणि १४ नंबर २६.८ वर, क्रम पुन्हा फिरला. वजन बदलल्यावर क्रम फिरत असेल तर उत्तर एकच: या आकड्यांवरून दोघींत फरक करता येत नाही. तसंच लिहा. ‘फरक करता येत नाही’ हा निकाल आहे, पराभव नाही, आणि निवड करणाऱ्यांना तो चुकीच्या ठाम निकालापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

सगळ्या मोसमाच्या नोंदी असतील तर आणखी एक चाचणी करा. सामने विषम आणि सम क्रमांकांत वाटा: पहिला, तिसरा, पाचवा एकीकडे, दुसरा, चौथा, सहावा दुसरीकडे. दोन्ही गटांत खेळाडूंचा क्रम साधारण तसाच राहिला तर ते माप खेळाडूबद्दल काहीतरी सांगतंय. क्रम पार विस्कटला तर ते माप सोडून द्या, नाव कितीही भारदस्त असो. शिरकावांचा क्रम बऱ्यापैकी टिकतो, कारण संख्या मोठी असते. थोड्या सामन्यांतल्या मैदानी गोलांचा क्रम फारच कमी टिकतो.

बर्फावरच्या हॉकीतून काय घ्यावं, काय नाही

प्रगत आकडेवारीची शोधाशोध केली की बहुतेक सगळं आइस हॉकीचं मिळतं, आणि लोक ते जसंच्या तसं आपल्या खेळाला चिकटवतात. कॉर्सी हे माप बफेलो सेबर्स या आइस हॉकी संघाचे तेव्हाचे गोलरक्षक प्रशिक्षक जिम कॉर्सी यांच्या नावावरून आलं. त्यात गोलच्या दिशेने मारलेले, बाहेर गेलेले आणि वाटेत अडवले गेलेले, असे सगळे फटके मोजतात. खेळाडू मैदानावर असताना आपले किती आणि विरोधकांचे किती. अडवलेले वगळले की ते फेनविक. कल्पना उत्तम आहे: गोल थोडे असतात, फटके पुष्कळ, म्हणून फटक्यांवरून वर्चस्व लवकर कळतं.

आपल्याकडे फटका फक्त डीच्या आतूनच उपयोगी, आणि डीची त्रिज्या १४.६३ मीटर. एका सामन्यात फटक्यांची संख्या कमी भरते. म्हणून फटक्यांच्या जागी शिरकाव घ्या: खेळाडू आत असताना आपले शिरकाव वजा त्यांचे शिरकाव, दर १५ मिनिटांना.

अडचण ‘ती आत असताना’ आणि ‘ती बाहेर असताना’ यांची तुलना करायला गेलं की येते. आइस हॉकीत पाच स्केटर, आणि एक पाळी सहसा मिनिटभराच्या आतली. प्रत्येक जण पुष्कळ वेळ आत आणि पुष्कळ वेळ बाहेर असतो. आपली फुलबॅक ६० पैकी ५५ मिनिटं आत असेल तर ‘बाहेर असताना’चा रकाना पाच मिनिटांचा. त्या पाच मिनिटांत विरोधकांनी दोन हल्ले केले की ती जगातली सर्वश्रेष्ठ बचावपटू ठरते. हे माप फॉरवर्ड आणि मधल्या फळीसाठीच वापरा, तेही दहाएक सामन्यांच्या नोंदी असतील तर. दोन खेळाडू नेहमी जोडीनेच आत-बाहेर होत असतील तर त्यांतल्या कुणामुळे फरक पडला हे कुठलंच गणित सांगू शकत नाही.

पीडीओ हे दुसरं उपयोगी माप: खेळाडू आत असताना आपल्या नेमक्या फटक्यांपैकी गोल किती टक्के, अधिक आपल्या गोलरक्षकाने अडवले किती टक्के. सगळे संघ मिळून बेरीज १०० येते, कारण गोलवर आलेला प्रत्येक फटका गोल तरी होतो किंवा अडवला तरी जातो. एखादीचा गोलफरक झगमगता असेल आणि पीडीओ ११५, तर त्यात नशिबाचा वाटा मोठा आहे, पुढे तो ओसरेल. मात्र हा नियम समान ताकदीच्या लीगमध्ये नीट चालतो. आपल्या स्थानिक स्पर्धांत एका संघाची गोलरक्षक खरोखरच फार चांगली आणि दुसऱ्याची नवशिकी असते; तिथे ११५ हे निव्वळ नशीब नसतं.

‘अपेक्षित गोल’ (प्रत्येक फटक्याची गोल होण्याची शक्यता काढणारं माप) याच्या नादी क्लबच्या पातळीवर लागू नका. ती गणितं हजारो फटक्यांवर बांधलेली असतात, तुमच्याकडे शे-दोनशे असतील. गोलसमोरचा पट्टा, दोन्ही बाजू आणि डीची कड, असे तीन भाग करून फटके मोजा. तेवढं पुरे.

काय वगळावं

संघात दहा जणी असतानाची मिनिटं वगळा. हिरव्या कार्डाची दोन मिनिटं, पिवळ्याची किमान पाच, लाल असेल तर उरलेला सगळा सामना. पॅरिसच्या उपांत्यपूर्व फेरीत अमित रोहिदासला दुसऱ्या क्वार्टरमध्ये लाल कार्ड मिळालं आणि भारत ग्रेट ब्रिटनविरुद्ध उरलेला सामना दहा जणांनिशी खेळला. १-१ बरोबरी, मग शूटआउटवर ४-२ ने विजय. त्या सामन्यातले भारतीय फॉरवर्डचे शिरकाव इतर सामन्यांत मिसळले तर चांगला खेळाडू सुमार दिसेल.

तीन किंवा अधिक गोलांचा फरक झाल्यानंतरची मिनिटंही वगळा. पुढे असलेला संघ मागे सरकून खेळतो, मागे पडलेला अंगावर येतो, शेवटी गोलरक्षक काढून अकरावी मैदानी खेळाडू आणतो. त्या वेळचे शिरकाव दोन्ही बाजूंना फसवे असतात. आणि ८-० च्या सामन्यातले पाच गोल वेगळ्या कागदावर लिहा. मुलीचं कौतुक जरूर करा, पण तुलनेत ते आणू नका.

गोलरक्षक

कॉर्नरचे, मैदानी, स्ट्रोकचे आणि शूटआउटचे अडवलेले फटके चार वेगळ्या रकान्यांत लिहा. शूटआउटमध्ये आठ सेकंद आणि समोर एकच खेळाडू असते. ते वेगळंच कौशल्य आहे. कॉर्नरचं श्रेय वाटून द्या. टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाच्या महिलांना ९ पेनल्टी कॉर्नर मिळाले, एकही गोल झाला नाही, आणि गुरजीत कौरच्या कॉर्नरवरच्या एका गोलावर भारत १-० ने जिंकला. सविता पुनियाची कामगिरी मोठीच होती, पण जीव धोक्यात घालून फ्लिकरवर धावणाऱ्या पहिल्या रशरचं काम गोलरक्षकाच्या टक्केवारीत कुठेच दिसत नाही. रशरने किती वेळा फ्लिकची दिशा बदलायला भाग पाडलं, हा रकाना स्वतंत्र ठेवा.

आकड्यांत न येणारं

चेंडूशिवायची धाव. सेंटर फॉरवर्ड आडवी धावून आपल्यामागची बचावपटू खेचून नेते आणि त्या मोकळ्या जागेतून दुसरी गोल करते; पहिलीच्या नावापुढे शून्य. विरोधकांनी मागून खेळ सुरू करताना त्यांना चुकीच्या बाजूला पास द्यायला लावणं, तेही शून्य. मधल्या फळीतल्या खेळाडूचा ओरडून दिलेला इशाराही शून्य. हे सगळं मोजायचा अट्टहास करू नका. प्रत्येक खेळाडूसाठी एक क्वार्टर निव्वळ तिच्याकडे पाहण्यासाठी ठेवा, चेंडूकडे न बघता, आणि चार ओळी लिहा. आकडे काढण्याआधीच त्या लिहा, नाहीतर डोळे आकड्यांचीच साक्ष द्यायला लागतात.

चौदा वर्षांखालच्या मुलींसाठी यातलं काहीच वापरू नका. त्या वयात सहा महिन्यांत उंची वाढते, जागा बदलते, आणि आज मोजलेला दर उद्या दुसऱ्याच खेळाडूचा असतो.

निकाल कसा लिहावा

तीन ओळींत, भाजकासकट: ‘११ नंबर: दर १५ मिनिटांना २.२ शिरकाव, ७४ मिनिटांत. ७ नंबर: १.६, १२८ मिनिटांत. ११ नंबरची मिनिटं अपुरी, फरक पक्का धरलेला नाही. पुढच्या दोन सामन्यांत तिला सुरुवातीपासून खेळवून किमान ५० मिनिटं मिळवावीत आणि दोघींचं चौथं क्वार्टर वेगळं मोजावं.’ प्रशिक्षकाच्या हातात हा कागद सामन्याच्या आदल्या संध्याकाळी द्या, म्हणजे बदल्यांचं वेळापत्रक तो त्यानुसार आखू शकेल.